काळा गॉगल आणि तिरपं ऊन : एका ठिबक फिटरच्या डोळ्यांचं प्रकरण

एरंडोल तालुक्यातले हे गृहस्थ, वय ४६. शेतात ठिबक संच बसवून द्यायचं काम बरीच वर्षं करतात. गावात त्यांना सगळे जिभाऊ म्हणतात, इथेही तेच ठेवतो. एप्रिलच्या मध्याला ते आमच्या जळगावच्या चष्म्याच्या दुकानात आले तेव्हा हातात कापडी पिशवी होती आणि पिशवीत तीन गॉगल. तक्रार अहिराणीत, एका दमात : "डोयामा रेती जायेल शे असं वाटस. नि हाऊ गॉगल इतला काया शे, तरी ऊन लागस."

हे प्रकरण मांडण्याजोगं वाटलं ते त्या पिशवीमुळे. तिन्ही गॉगलांमध्ये काही ना काही चांगलं होतं, आणि तरी तिन्ही त्यांच्या कामाला चुकीचे होते. गॉगल घेताना आपण गडदपणा, रंग, पोलराइज्ड, यूव्ही हे सगळं एकच समजतो. प्रत्यक्षात ही चार वेगळी कामं आहेत, आणि एक काम करणारी काच दुसरं करेलच असं नाही. पाचवी गोष्ट फ्रेमची. तिच्याकडे तर कुणी बघतच नाही.

आधी त्यांचा दिवस समजून घेतला. सकाळी सातच्या आसपास मोटारसायकलवर जळगावकडे निघायचं, माल बघून टेम्पोत भरून द्यायचा, मग धरणगाव, एरंडोल, पारोळा या पट्ट्यातल्या शेतांवर. पारोळा-एरंडोल-जळगाव हा महामार्ग साधारण पूर्व-पश्चिम धावतो. त्यामुळे सकाळी जाताना सूर्य समोर आणि संध्याकाळी घरी परततानाही समोरच. शेतात सबमेन, म्हणजे मुख्य पाइप, टाकणं, लॅटरल, म्हणजे ठिबकच्या बारीक नळ्या, अंथरणं, फिल्टर जोडणं, मोटारीच्या पॅनलमध्ये वायरी बघणं. टरबूज, मिरची, पपईच्या लागवडीत आता मल्चिंग पेपर, म्हणजे रोपांभोवती जमिनीवर अंथरायचा प्लास्टिकचा कागद, असतोच, आणि त्याची चंदेरी बाजू वर असते. ओणवं होऊन काम करायचं म्हणजे तोंड थेट त्या चंदेरी पट्ट्यावर. घरी पोचायला अंधार पडतो. रस्त्यावर किडे डोळ्यात जातात म्हणून गॉगल तेव्हाही डोळ्यावरच.

हे शेवटचं त्यांनी सहज सांगितलं. माझ्या मते सगळ्या हकिकतीत तेच सगळ्यात धोक्याचं होतं. त्याकडे पुढे येतोच.

तपासणीत दोन्ही डोळ्यांना पाऊण नंबर मायनसचा, आणि वयाप्रमाणे जवळचा सव्वा. डोळ्याचा पांढरा भाग लालसर, कोरडा. नाकाच्या बाजूने बुबुळाकडे सरकणारा मांसासारखा त्रिकोणी पडदा दोन्हीकडे, उजवीकडे जास्त. याला टेरिजियम म्हणतात. आपल्याकडे लोक "डोळ्यात मांस वाढलंय" एवढंच म्हणतात. मोतीबिंदू आणि टेरिजियम यांत गल्लत होते ती होऊ देऊ नका. मोतीबिंदू आतल्या भिंगात होतो, हा पडदा वरवर, डोळ्याच्या आवरणातून वाढतो. उघड्यावर ऊन आणि धुळीत वर्षानुवर्षं काम करणाऱ्यांत तो जास्त दिसतो, आणि त्याच्या कारणांत अतिनील किरण, म्हणजे यूव्ही, ठळक आहेत.

त्यांच्या खिशात थेंबांची बाटलीही होती. लाली आली की मेडिकलवरून घेऊन टाकायची, हा कित्येक महिन्यांचा क्रम. लेबल वाचलं तर त्यात स्टेरॉइड. असे थेंब दोन दिवसांत डोळा पांढराशुभ्र करतात म्हणून लोकांना आवडतात, पण डॉक्टरांच्या देखरेखीवाचून महिनोन्महिने टाकले तर डोळ्यातला दाब वाढून काचबिंदू होऊ शकतो, मोतीबिंदूही लवकर येतो. म्हणून गॉगलचा विषय तिथेच बाजूला ठेवून त्यांना आधी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे पाठवलं. दाब ठीक निघाला. थेंब बदलून मिळाले, साधे ओलावा देणारे. पडदा बाहुलीपासून दूर आहे, नजर अडवत नाही, तेव्हा आत्ताच शस्त्रक्रिया नको. डोळा उन्हाधुळीपासून जपा आणि दर काही महिन्यांनी दाखवा, असं सांगितलं गेलं. काढल्यावरही हा पडदा पुन्हा वाढू शकतो, म्हणून तर जपण्याला महत्त्व. त्यानंतर ते पुन्हा दुकानात आले, तीच पिशवी घेऊन.

तीन गॉगल टेबलावर

पहिला बसस्टँडसमोरच्या गाडीवरून दीडशेला घेतलेला. काळाकुट्ट, काचेच्या कोपऱ्यात "यूव्ही ४००" चं सोनेरी स्टिकर अजून तसंच.

या आकड्याचा अर्थ एवढाच : ४०० नॅनोमीटरपर्यंतच्या लहरी काचेने अडवायच्या (नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग). यूव्हीबी २८० ते ३१५ नॅनोमीटर, यूव्हीए ३१५ ते ४००. त्याहून लहान लहरींचा यूव्हीसी ओझोनच्या थरातच संपतो, जमिनीवर पोचत नाही. ४०० च्या पुढे डोळ्याला दिसणारा उजेड सुरू होतो. म्हणजे यूव्ही ४०० हा आकडा काच किती काळी आहे याबद्दल काहीही सांगत नाही. पाण्यासारखी स्वच्छ काचही यूव्ही ४०० असू शकते. जिभाऊंना हे पटेना. त्यांना पटवायला एक साधा प्रयोग केला.

नोटा तपासायचा जांभळा दिवा बऱ्याच दुकानांत असतो. पाचशेच्या नोटेवर तो धरला की नंबरची पट्टी आणि कागदातले बारीक धागे चमकतात. दिवा आणि नोट यांच्यामध्ये काच धरायची. चमक मावळली तर काच त्या दिव्याचे यूव्ही किरण अडवते आहे. पहिल्यांदा चाचणीसाठी ठेवलेली पांढरी, बिनरंगाची पॉलिकार्बोनेट या चिवट प्लास्टिकची काच धरली : चमक गेली. मग खिडकीच्या साध्या काचेचा तुकडा धरला : चमक बऱ्यापैकी तशीच. साधी काच यूव्हीबी खूपसा अडवते, पण यूव्हीए बराच आत सोडते. हा प्रयोग ढोबळ आहे. असले दिवे साधारण ३६५ नॅनोमीटरच्या आसपास चालतात, तेव्हा ३८० ते ४०० या शेवटच्या टप्प्याचं त्यावरून कळत नाही. ते मोजायला दुकानातलं यूव्ही मीटर लागतं. गॉगल घेताना "मीटरवर दाखवा" म्हणायला लाजू नये. ज्याच्याकडे मीटर आहे तो आनंदाने दाखवतो. एक मात्र बघा. बऱ्याच काउंटरवर जांभळ्या लेझर पेनने "ब्लू कट" ची, म्हणजे निळा उजेड अडवणाऱ्या काचेची, जादू दाखवतात. तो पेन ४०५ नॅनोमीटरच्या आसपासचा दिसणारा उजेड टाकतो. त्या जादूचा उन्हातल्या यूव्हीशी संबंध नाही, आणि ब्लू कट म्हणजे गॉगल नव्हे.

आता दीडशेचा गॉगल. नोटेवरची चमक गेली. मीटरवरही यूव्ही जवळजवळ पूर्ण अडलेला. जिभाऊंपेक्षा आमच्या दुकानातल्या पोराला जास्त आश्चर्य वाटलं. स्वस्त गॉगल सगळे यूव्ही सोडतात असं छातीठोकपणे सांगणारे बरेच भेटतात, चष्म्याच्या धंद्यातले तर जास्तच. ते खरं नाही. पॉलिकार्बोनेट मुळातच बहुतेक यूव्ही शोषतं. त्या प्लास्टिकचा गॉगल गाडीवर मिळो की शोरूममध्ये, हा गुण त्यात असतोच. उलटही खरं : स्टिकर कुणीही छापू शकतो, आणि रंगवलेल्या साध्या प्लास्टिकचा गॉगल तेच स्टिकर लावून यूव्ही आत सोडू शकतो. मग काळ्या काचेने बाहुली मोठी होते, भुवया आकसायच्या थांबतात, आणि डोळा जास्त उघडा पडतो. म्हणजे किंमत आणि स्टिकर या दोन्हींवर भरवसा नाही. मोजून बघणं हा एकच रस्ता.

मग या गॉगलचं चुकलं कुठे? दोन ठिकाणी. एक, काच नको इतकी गडद. गॉगलच्या काचा किती उजेड आत सोडतात त्यावरून आंतरराष्ट्रीय मानकात, आयएसओ १२३१२-१ मध्ये, ० ते ४ असे गट केलेत. गट ० मध्ये ८० टक्क्यांहून जास्त उजेड येतो, गट १ मध्ये ४३ ते ८०, गट २ मध्ये १८ ते ४३, गट ३ मध्ये ८ ते १८ आणि गट ४ मध्ये फक्त ३ ते ८ टक्के. गट ४ बर्फाच्या डोंगरांसाठी वगैरे. तो घालून गाडी चालवायची नसते. जिभाऊंचा गॉगल मीटरवर गट ४ मध्ये बसला. झाडाच्या सावलीतून जाताना, बाजूने ट्रक उभा असताना, रस्त्यातला खड्डा त्यांना उशिरा दिसत असणार. संध्याकाळी तर विचारूच नका. ज्या काचेतून ७५ टक्क्यांपेक्षा कमी उजेड येतो ती तिन्हीसांजेला आणि रात्री गाडी चालवताना वापरू नये, हे त्याच मानकात आहे. पाच-सहा टक्क्यांच्या काचेतून ते अंधारात महामार्गावर परतत होते, किड्यांपासून बचाव म्हणून.

दोन, काच वेडीवाकडी. हे कुणालाही घरी तपासता येतं. गॉगल हातभर लांब धरा, त्यातून दाराची चौकट किंवा फरशीची सरळ रेघ बघा आणि गॉगल हळू इकडेतिकडे हलवा. रेघ लाटेसारखी वळवळली तर काच नीट ओतलेली नाही. त्यांच्या गॉगलमध्ये चौकट नाचत होती. दुपारनंतर कपाळ दुखतं ही त्यांची दुसरी तक्रार होती. तिच्यात या काचेचा हात असावा, आणि नंबर न लावता दिवस काढण्याचाही.

दुसरा गॉगल पुण्यात नोकरी करणाऱ्या मुलाने दिवाळीत आणलेला. नामांकित कंपनीचा, निळा आरसा चढवलेला, पोलराइज्ड. यूव्ही उत्तम, गट ३, रेघ सरळ. काचेत काही दोष नव्हता. पण जिभाऊंनी तो महिन्याभरात कपाटात ठेवला होता. कारण विचारलं तर म्हणाले, "मोबाइलच दखास नही त्यामा."

सपाट पृष्ठभागावरून परावर्तित होणारा उजेड बराचसा आडव्या दिशेने कंप पावतो. डांबरी रस्ता, शेततळ्याचं पाणी, गाडीचं बॉनेट, ही त्याची उदाहरणं. पोलराइज्ड काच हा आडवा भाग गाळते आणि उभा आत सोडते, म्हणून तळ्याच्या पाण्यातलं तळ दिसायला लागतं. अमेरिकेतल्या एडविन लँड यांनी १९२९ मध्ये अशा स्वस्त पोलराइज्ड पडद्याचं पेटंट मागितलं, तिथून ही काच सर्वांच्या हाती आली. पण मोबाइल, पंपाचं डिजिटल पॅनल, पेट्रोलपंपावरचा पडदा, यांचाही उजेड पोलराइज्ड असतो. पडद्याचा कोन आणि काचेचा कोन एकमेकांना आडवे आले की पडदा काळा पडतो. दुकानात खऱ्या-खोट्याची पारखही अशीच करतात : मोबाइलच्या पडद्यासमोर गॉगल धरून सावकाश फिरवायचा, एका कोनात पडदा काळा झाला तर काच पोलराइज्ड. जिभाऊंचं निम्मं काम आता फोनवर चालतं. शेताचा नकाशा, लांबी-रुंदी, मालाचे फोटो. दर वेळी गॉगल कपाळावर चढवायचा म्हणजे डोळा पुन्हा उघडाच.

शिवाय पोलराइज्ड काच त्यांच्या नेमक्या त्रासावर फारशी चालणारी नव्हती. समोरून येणारा सूर्याचा थेट प्रकाश पोलराइज्ड नसतो. त्याला ही काच तेवढ्याच गडद साध्या काचेसारखीच. मल्चिंगच्या चंदेरी थराचंही असंच. पाण्याची किंवा रस्त्याची चकाकी ती जशी कापते तशी धातूच्या चकाकीला कापत नाही. ड्रायव्हर, मच्छीमार, हतनूरच्या जलाशयावर पक्षी बघायला जाणारे, यांनी पोलराइज्ड जरूर घ्यावा. यूव्हीशी मात्र त्याचा काही संबंध नाही. पोलराइज्ड असूनही यूव्ही सोडणारी काच असू शकते. वरचा निळा आरसा तर मुख्यतः दिखाव्याचा. थोडा उजेड परतवतो, आणि धुळीत सगळ्यात आधी ओरखडे त्यालाच पडतात.

या गॉगलची आणखी एक अडचण त्यांनी सांगितली नव्हती, मीच विचारली. पॅनलमधल्या वायरी कशा दिसतात? तीन फेजच्या वायरी लाल, पिवळ्या आणि निळ्या असतात. गॉगलच्या आतली काच तपकिरी होती. तपकिरी काचेने निळा रंग दबतो, सगळ्यावर पिवळट झाक येते. जिभाऊ वायर बघायला गॉगल काढायचे. राखाडी काच सगळे रंग सारख्या प्रमाणात मंद करते, म्हणून रंग ओळखायचं काम असलेल्यांना तीच देतो. तपकिरी काचेचाही फायदा आहे. खड्डे-उंचवटे उठून दिसतात, काही ड्रायव्हरांना ती आवडते. पिवळी काच "रात्रीच्या ड्रायव्हिंगसाठी" म्हणून विकतात ती घेऊ नका. रात्री जो थोडा उजेड असतो त्यातलाही ती काही खाते.

तिसरा म्हणजे त्यांचा नंबरचा चष्मा, उन्हात काळा होणारा, म्हणजे फोटोक्रोमिक. डी बायफोकल, म्हणजे जवळचं बघायला खाली डी आकाराची खिडकी असलेला. यूव्ही अडवतो, दिसायला स्वच्छ, मोबाइलचा पडदा वाचता येतो. मग हाच का नाही? कारण या काचांमधला रंग यूव्ही पडल्यावर उमटतो आणि उष्णतेने परत फिरतो. थंडीत त्या छान गडद होतात, आणि आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा ४४-४५ वर गेला की मधल्याच छटेवर अडकतात. नेमकं जेव्हा हवं तेव्हा कमी. दुसरं, हेल्मेटची पारदर्शक काच बहुधा पॉलिकार्बोनेटची असते आणि ती स्वतःच यूव्ही अडवते, तेव्हा काच खाली केली की आतला चष्मा काळा व्हायला निमित्तच उरत नाही. गाडीच्या पुढच्या काचेमागेही तसंच होतं. लोक येऊन म्हणतात, "हजारो रुपये घालवले, गाडीत काळा होतच नाही." काच बिघडलेली नसते. फक्त हे विकताना सांगितलं गेलेलं नसतं.

ऊन येतं कुठून

तिन्ही गॉगलांत यूव्ही अडत होता, मग डोळे लाल का? उत्तर काचेत नव्हतं. जिभाऊंना खुर्चीवर बसवलं, दिवे घालवले, आणि कानशिलाच्या बाजूने, जरा मागून, टॉर्चचा बारीक झोत उजव्या डोळ्यावर टाकला. समोरून त्यांच्याच फोनवर फोटो घेतला. टॉर्च बाहेरच्या बाजूला, पण डोळ्यात लख्ख ठिपका उमटला तो नाकाच्या बाजूला, बरोबर जिथे पडदा वाढलाय तिथे. बुबुळाचा घुमटाकार पुढचा भाग भिंगासारखं काम करतो आणि बाजूने येणारा उजेड समोरच्या कडेवर एकवटतो. ऑस्ट्रेलियातले नेत्रतज्ज्ञ मिनास कोरोनियो यांनी हे मांडलं, आणि टेरिजियम बहुतांशी नाकाकडूनच का वाढतो याचं ते एक मानलं गेलेलं स्पष्टीकरण आहे. मग एकेक गॉगल चढवून तोच झोत टाकला. दीडशेचा चपटा गॉगल : ठिपका तसाच. मुलाने आणलेला : तसाच. नंबरचा चष्मा : तसाच. पुढचं दार पक्कं लावलेलं आणि बाजूच्या खिडक्या सताड उघड्या.

त्यांच्या कामात तर ऊन बाजूनेच येतं. भर दुपारी सूर्य माथ्यावर असतो. जळगावच्या अक्षांशावर मेच्या शेवटच्या आठवड्यात तर तो अगदी डोक्यावर येऊन सावली पायाखाली जाते. तेव्हा भुवई, टोपी, रुमाल डोळ्यावर बऱ्यापैकी सावली धरतात, आणि शहाणा माणूस तेव्हा झाडाखाली असतो. सकाळी नऊ-दहाला आणि दुपारी तीन-चारला ऊन तिरपं असतं, सरळ डोळ्याच्या पातळीवर, आणि कामाची वेळ तीच. हवा थंड म्हणून डिसेंबरात गॉगल घरी राहतो, तेव्हाही हे तिरपं ऊन असतंच. पारा आणि यूव्ही हातात हात घालून चालत नाहीत.

राहिलं खालून येणारं ऊन. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीप्रमाणे ताजा बर्फ ८० टक्क्यांपर्यंत यूव्ही परतवतो, कोरडी वाळू १५ टक्के, आणि माती, गवत, पाणी १० टक्क्यांच्या आत. म्हणजे साध्या शेतात खालची भीती थोडी. पण चंदेरी मल्चिंग पेपर परावर्तनासाठीच बनवलेला असतो. फुलकिडे, मावा, पांढरी माशी त्या चमकेने बिचकतात, त्यात परतणाऱ्या यूव्हीचाही वाटा असतो, हे जिभाऊंना माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं; शेतकऱ्यांना पेपर विकताना ते हेच सांगतात. पांढऱ्या माशीला पळवणारा तोच उजेड ओणवं झालेल्या माणसाच्या गालावरून गॉगलच्या खालच्या फटीतून आत जातो, हे मात्र त्यांच्या मनात आलं नव्हतं. ते जरा वेळ हसले. मग म्हणाले, "म्हंजे मी बी पांढरी माशीच व्हयनू."

काय ठरलं

अपेक्षा स्पष्ट होत्या. नंबर हवा, जवळचंही दिसायला हवं, वायरींचे रंग कळायला हवेत, फोन वाचता यायला हवा, बाजूने आणि खालून ऊन नको, खडा उडाला तर काच फुटायला नको. आणि रात्री परतताना चालेल असं काहीतरी. एका चष्म्यात हे सगळं बसत नाही. दोन केले.

दिवसाचा : पॉलिकार्बोनेटच्या काचा, यूव्ही ४००, राखाडी रंग, गट ३ मधला हलका, म्हणजे साधारण १५ टक्के उजेड येईल असा. पोलराइज्ड नाही. आरसा नाही. वरून गडद, खालून फिका असा रंग अनेकांना शोभिवंत वाटतो. त्यांना तो दिला नाही, कारण त्यांचा उजेड खालूनच येतो. काचेच्या आतल्या बाजूला परावर्तन रोखणारा थर, कारण मागून येणारं ऊन काचेच्या पाठीवरून उलटून डोळ्यात जातं. हा थर यूव्हीचंही परावर्तन रोखणारा आहे का ते विचारून घ्यावं लागतं. काही थर दिसणारा उजेड परतू देत नाहीत, पण यूव्ही मात्र परतवतात. फ्रेम कानशिलाकडे वळलेली, रुंद काडीची, गालाला जवळजवळ टेकणारी. पार वाटीसारखी वाकडी फ्रेम नंबरच्या काचेला चालत नाही, कडेला दिसणं बिघडतं. त्यांचा नंबर थोडा, म्हणून बऱ्यापैकी वळलेली जमली. बायफोकलची खिडकी नेहमीपेक्षा किंचित खाली बसवली, नाहीतर चालताना पायाखालची सरी धूसर दिसते.

पॉलिकार्बोनेटला रंग चढवणं सीआर-३९ या नेहमीच्या प्लास्टिकपेक्षा कटकटीचं असतं, म्हणून काचा यायला वेळ लागला. सीआर-३९ स्वस्त, रंग पटकन घेतं, ओरखडेही कमी. बसून काम करणाऱ्याला मी तेच देईन, वेगळा यूव्ही थर लावून. मोटारसायकलवाल्याला नाही.

फ्रेम घातल्यावर पुन्हा टॉर्चचा प्रयोग केला. ठिपका पुसट झाला, पूर्ण गेला नाही. म्हणून वर पुढे झुकलेल्या टोपीची भर, आणि रस्त्यावर हेल्मेट. सकाळच्या समोरच्या सूर्यावर खरं तर टोपीची झडप किंवा हेल्मेटचा पुढे आलेला काठ काचेपेक्षा जास्त कामाला येतो.

रात्रीचा : त्याच नंबराच्या बिनरंगाच्या पॉलिकार्बोनेटच्या काचा. सूर्य कलला की गॉगल खिशात आणि हा डोळ्यावर. किडे अडतात, रस्ता दिसतो. दिवसा सावलीत, गोदामात, टेम्पोतही हाच. तो पांढरा असला तरी यूव्ही अडवतोच, हे नोटेच्या प्रयोगाने त्यांना आता पटलेलं होतं. दोन्ही मिळून मुलाने आणलेल्या गॉगलपेक्षा कमीत झालं.

एक गोष्ट बजावून सांगितली. फिल्टरचा स्टँड जोडताना ते अधूनमधून वेल्डरला हात देतात. गॉगल कितीही चांगला असला तरी वेल्डिंगच्या आर्ककडे त्यातून बघायचं नाही, आणि ग्रहण बघायलाही तो चालत नाही. त्या दोन्हींसाठी वेगळ्या काचा आहेत.

पुढे काय झालं

पावसाळ्याच्या तोंडाला ते दाखवायला आले तेव्हा लाली बरीच उतरली होती, रेती टोचल्यासारखं क्वचितच वाटत होतं. यात थेंब बदलल्याचा वाटा किती आणि गॉगलचा किती, हे वेगळं काढता येणार नाही. कपाळ दुखणं थांबलं. टेरिजियम तेवढाच. चष्म्याने तो मागे हटत नाही. पुढे सरकला नाही तर मिळवलं.

तक्रारीही होत्याच. जवळ बसणाऱ्या फ्रेममध्ये घाम साचतो, मेमध्ये काच धुरकटते. काड्या किंचित सैल करून वरच्या बाजूने थोडी हवा जाईल असं केलं. खालची आणि बाजूची फट मात्र वाढू दिली नाही. नाकावरून घसरू नये म्हणून मागे दोरी लावली.

दुसरी तक्रार ओरखड्यांची. एवढ्या थोड्या दिवसांत काचेवर जाळं झालं होतं. शेतातली धूळ बसलेली काच ते गळ्यातल्या रुमालाने कोरडीच पुसायचे. आधी बाटलीतलं पाणी ओतून धूळ वाहू द्यायची, मग ओल्या बोटांनी चोळायची आणि शेवटी मऊ कापड, असं दाखवलं. ओरखड्यांमुळे यूव्ही आत येतो का, हे त्यांनी विचारलं. येत नाही, पॉलिकार्बोनेटमध्ये तो अडवण्याचा गुण काचेच्या अंगात असतो, वरच्या थरात नव्हे. मीटरवर लावून दाखवलं, आकडा तोच होता. पण समोरच्या सूर्यात प्रत्येक ओरखडा चमकतो आणि रस्त्यावर पुन्हा चकाकीच पडते, म्हणून दिवाळीनंतर त्याच फ्रेममध्ये नव्या काचा बसवायचं ठरलं. तेव्हा बायकोलाही घेऊन येतो म्हणाले. मल्चिंगला छिद्रं पाडून रोपं लावायचं काम त्यांच्याकडे बायाच करतात, दिवसभर ओणव्या, आणि त्यांच्यातल्या एकीच्याही डोळ्यावर काही नसतं.